आधी माप, मग शॉक

— बी. कॉम., द्वितीय वर्ष

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गाडीच्या शॉकअॅब्सॉर्बरवर लेख लिहावा, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. जमाखर्च सोडून हा पान्यांच्या नादी कधी लागला, असे माझ्या वर्गमित्रांनी विचारलेही. त्यांना एवढेच सांगतो की, या पान्यांकडे मी जमाखर्चाच्याच वाटेने आलो. माझ्या हिशेबाच्या वहीत एक चूक झाली आणि ती रस्त्यावर उघडी पडली. ती चूक दुसऱ्या कोणी करू नये, यासाठी हा लेखनप्रपंच. इंजिनिअरिंगच्या मित्रांना यातले काही बाळबोध वाटले तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

माझे मामा खानापूर तालुक्यात शेती करतात. त्यांच्याकडे जुनी एम. एम. ५४० जीप आहे. आमच्या भागात पावसाळा म्हणजे काय, ते जांबोटी-कणकुंबीकडच्या वाचकांना सांगायला नको. मामांच्या वस्तीपासून डांबरी रस्ता तीन किलोमीटरवर आहे. मध्ये एक ओढा आणि बैलगाड्यांनी खोल केलेल्या चाकोऱ्या. जीपचे पोट चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर टेकू लागले, तेव्हा मामांनी ती उंच करून घेतली. जास्त कमानीचे नवे पाटे बसवले, त्यांत एक पान वाढवले आणि टायर मोठे घातले. प्रश्न उरला शॉकचा. मामांचा हिशेब मी ठेवतो, म्हणून त्यांनी मला विचारले. नव्या चार शॉकची किंमत दहा हजार रुपये होती. जुने शॉक गळत नव्हते. मी म्हणालो, "मामा, चांगली वस्तू टाकायची कशाला? तेच राहू देत."

ही झाली पहिली चूक. तिचा परिणाम सांगण्यापूर्वी शॉक नेमके काय करतो, ते पाहू.

शॉकचे काम

पुष्कळांची समजूत अशी असते की गाडीचे वजन शॉक उचलतो. तसे नाही. वजन उचलतात ते पाटे. खड्डा आला की पाटा दबतो, म्हणजे धक्क्याची शक्ती साठवून ठेवतो. पण साठवलेली शक्ती तो परत देतोच. मग गाडी वर उसळते, खाली बसते, पुन्हा उसळते. पाट्याची पाने एकमेकांवर घासतात, त्यामुळे ही उसळी थोडी कमी होते, परंतु तेवढ्याने भागत नाही. ती पुरती शमवणे हे शॉकचे काम.

शॉकच्या नळीत तेल असते. दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो आणि पिस्टनला बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक वरखाली झाले की पिस्टन तेलातून सरकतो, तेल त्या छिद्रांतून मोठ्या कष्टाने जाते आणि तापते. म्हणजे उसळीची शक्ती उष्णतेत जाते आणि ती उष्णता वाऱ्यावर निघून जाते. म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर शॉक गरम लागतो. चारांपैकी एकच थंड लागला तर तो काम करीत नाही असे समजावे. मात्र हात जपून लावावा.

दोन गोष्टी येथे ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक, शॉकचा विरोध वेगावर अवलंबून असतो. हळू दाबला तर तो सहज दबतो, जोराने दाबला तर अडून बसतो. दोन, दबताना विरोध कमी आणि ताणताना जास्त, अशीच त्याची रचना बहुधा असते. दबताना पाटा स्वतःच विरोध करीत असतो. ताणताना मात्र तोच पाटा साठवलेली शक्ती सोडत असतो आणि तिला आवरायला शॉकशिवाय कोणी नसते.

नळीत तेलाचा शॉक ही तशी जुनीच युक्ती. १९४१ पासून युद्धासाठी बनलेल्या विलीज जीपला पाटे आणि त्यांच्या जोडीला असेच शॉक होते. त्याच घराण्याच्या जीप महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जोडायला सुरुवात केली. आमच्या मामांची जीप त्याच वंशातली, म्हणून तिची रचना साधी आहे. चारी चाकांना पाटे, दोन भक्कम अॅक्सल आणि प्रत्येक कोपऱ्यात एक शॉक.

पहिली चूक

आता त्या दिवसाकडे येतो. आषाढाचा पाऊस होता. जीपमध्ये मामा, मी, दुधाचे कॅन आणि शेजारच्या वस्तीवरच्या एक आजी होत्या. त्यांना डोळे दाखवायला खानापूरला न्यायचे होते. ओढ्यातून बाहेर पडताना जीप तिरकी झाली आणि पुढचे डावे चाक खड्ड्यावर लोंबले. खालून 'खट्' असा आवाज झाला. मामांनी तिकडे लक्ष दिले नाही. पुढे उतार लागला आणि ब्रेकचा पाय एकदम खाली गेला. मामांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि जीप बांधाला टेकवून उभी केली. कोणाला काही झाले नाही. आजी म्हणाल्या, "थांबली नव्हं गाडी, मग झालं." पण मामांचे हात बराच वेळ स्टिअरिंगवरून निघाले नाहीत.

खाली वाकून पाहिले तेव्हा कारण कळले. शॉकची खालची पिन ब्रॅकेटसकट उपटली होती. उंच पाट्यामुळे अॅक्सल पूर्वीपेक्षा अधिक खाली लोंबू शकत होता, शॉक मात्र जुन्याच लांबीचा होता. लोंबणाऱ्या अॅक्सलचे, चाकाचे आणि टायरचे सगळे ओझे त्या एका पिनेवर आले. शॉक हा काही साखळदंड नव्हे. पिन तुटली, अॅक्सल एकदम खाली गेला आणि ब्रेकचा रबरी होस ताणून फाटला. शॉक आखूड होता तोवर त्यानेच होसला वाचवले होते. तो तुटल्यावर होसचे आखूडपण उघडे पडले.

दुसरी चूक

शहाण्याने येथे मोजपट्टी हातात घेतली असती. मी पुन्हा वही हातात घेतली. शॉक आखूड पडले, तर लांब आणावेत, इतका सरळ तर्क. जुन्या बाजारात एका मोठ्या गाडीचे चार शॉक ३,२०० रुपयांत मिळाले. दहा हजारांच्या जागी ३,२००! मी खूश झालो. कड्या जुळल्या, बुश बसले, गाडी चालू लागली.

आठवडाभरात पुढून ठोके ऐकू येऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात उजवीकडचे वरचे ब्रॅकेट चॅसीपासून वाकून सुटले. यावेळी शॉक ताणून तुटला नव्हता, पूर्ण मिटून चॅसीवर आदळला होता. चाक वर जायला अजून जागा होती, बंप रबर अजून टेकलेच नव्हते, पण शॉकची चाल संपली होती. मग चाकाचा प्रत्येक धक्का रबराऐवजी शॉकच्या लोखंडातून थेट चॅसीला.

त्यातच हे शॉक जड गाडीचे म्हणून फार कडक होते. ताणताना ते इतके अडत की एका खड्ड्यात दबलेले चाक पुन्हा खाली येण्याआधी दुसरा खड्डा हजर. अशाने खडबडीत रस्त्यावर पाटा दबतच जातो, चाल उरत नाही आणि गाडी लाकडी पाटासारखी आदळत राहते. मामी म्हणाल्या, "उंच केली त्यापेक्षा बैलगाडी बरी होती."

मिस्त्रींचा धडा

खानापूरच्या ज्या मिस्त्रींकडे आम्ही शेवटी गेलो, ते कन्नड बोलणारे. आम्ही कोणते शॉक घालावेत यावर बोलू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवले आणि म्हणाले, "मोदलु अळते, आमेले मातु." म्हणजे आधी माप, मग बोलणे. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे वाक्य सांगायची गरज नाही. मराठी वाचकांनी मात्र पाठ करावे. या लेखाचे सार त्यात आहे.

शॉकची तीन मापे असतात. पूर्ण दाबल्यावर कडीच्या मध्यापासून कडीच्या मध्यापर्यंत जी लांबी, ती मिटलेली लांबी. पूर्ण ओढल्यावरची ती उघडी लांबी. दोहोंतला फरक म्हणजे चाल. आता एक साधी गोष्ट अशी की चाल जेवढी, तेवढा दांडा नळीत मावला पाहिजे. शिवाय कड्या, पिस्टन आणि दांड्याचे मार्गदर्शक यांना जागा लागते. ही जागा कधीच चाल म्हणून वापरता येत नाही. आम्ही पाहिलेल्या शॉकमध्ये ती १२५ ते १४० मिलिमीटर होती. म्हणून शॉक जितका जास्त उघडणारा, तितका तो मिटल्यावरही लांबच राहणार. माझा दुसरा सौदा फसला तो नेमका याच नियमाने.

गाडीचीही तीन मापे घ्यावी लागतात. वरच्या पिनेच्या मध्यापासून खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत अंतर मोजायचे: एकदा गाडी सपाट जमिनीवर नेहमीच्या ओझ्यासह उभी असताना, एकदा चाक मोकळे लोंबत असताना आणि एकदा बंप रबर पूर्ण दबेपर्यंत चाक वर गेले असताना. शेवटचे माप घ्यायला मिस्त्रींनी शॉक काढून ठेवले आणि एक पुढचे चाक उंच दगडी चौथऱ्यावर चढवले. गाडी तिरकी असताना एका बाजूचे चाक सर्वांत वर आणि दुसऱ्या बाजूचे सर्वांत खाली असते, म्हणून दोन्ही बाजूंना मोजावे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चॅसीखाली भक्कम स्टँड किंवा लाकडी ठोकळे घालावेत आणि जमिनीवर उरलेल्या चाकांना अडणी लावावी.

टायर मोठे केल्याने जी उंची वाढते, ती या मापात येत नाही. टायर अॅक्सलला आणि चॅसीला सारखेच वर नेतो, दोन पिनांमधले अंतर तेवढेच राहते. हे मला मिस्त्रींनी सांगेपर्यंत सुचले नव्हते.

आमच्या जीपचा हिशेब

आता पुढच्या बाजूचे आकडे देतो. सर्व मापे मिलिमीटरमध्ये आहेत.

मूळ पाट्यांवर उभ्या जीपच्या पिनांमधले अंतर ३९० होते. बंप रबर पूर्ण दबल्यावर ३२० आणि चाक लोंबल्यावर ४८०. जुना शॉक मिटलेला ३१०, उघडा ४९०. म्हणजे दोन्हीकडे दहा-दहाची सोय होती. कारखान्याने विचार करूनच ती ठेवली असणार.

नव्या पाट्यांनी जीप ६० ने उंच झाली. उभे अंतर ४५० आणि लोंबल्यावर ५६०. उभ्या स्थितीतून चाकाला ११० खाली जायचे होते, पण जुन्या शॉकमध्ये ४९० उणे ४५०, म्हणजे ४० च शिल्लक. तूट ७०.

मोठ्या गाडीचा शॉक मिटलेला ३९०, उघडा ६४०. खाली लोंबायला तो भरपूर पुरला. पण वर जाताना? येथे सगळ्यांची फसगत होते. जीप उंच झाली तरी बंप रबर आपल्या जागीच राहते. त्यामुळे चाक सर्वांत वर गेले असता पिनांमधले अंतर पूर्वीइतकेच, ३२०. आणि शॉक ३९० वरच संपलेला. तूट पुन्हा ७०. दोन वेळा चुकलो आणि दोन्ही वेळा सत्तरनेच चुकलो, एकदा खालच्या अंगाला, एकदा वरच्या.

मग योग्य शॉक कोणता? मिटलेला ३२० पेक्षा कमी आणि उघडा ५६० पेक्षा जास्त हवा. म्हणजे चाल कमीत कमी २४०. पण २४० च्या चालीत निरुपयोगी जागेचे १२५ मिळवले की मिटलेली लांबी ३६५ होते. ३२० मध्ये तो बसत नाही. असा शॉक कोणत्याही दुकानात मागितला तरी मिळणार नाही, कारण तो बनूच शकत नाही.

येथे माझ्यासारखा माणूस हताश होतो. मिस्त्री मात्र हसले. त्यांनी बंप रबराखाली ४० जाडीचा लोखंडी ठोकळा बसवला. आता चाक ३६० वरच अडू लागले. मग मिटलेला ३५० आणि उघडा ५७५, अशा मापाचा नवा शॉक शोधला आणि तो मिळाला. वर दहाची सोय, खाली पंधराची. ठोकळ्याने वरची चाल कमी झाली हे खरे. पण उभ्या ४५० पासून ३६० पर्यंत अजून ९० उरले. मूळ जीपला ७० च होते. शिवाय मोठा टायर मडगार्डला घासत होता, तेही थांबले. आणखी एक मार्ग वरचे ब्रॅकेट उंच करण्याचा असतो, परंतु त्यात चॅसीवर वेल्डिंग आले. ज्या चॅसीवर एकदा वेल्डिंग झालेले आहे, तिच्यावर पुन्हा ते नको, असे मिस्त्रींचे मत पडले.

शॉक उभा न बसता तिरपा बसत असेल तर आणखी एक विचार लागतो. उभ्या रेषेपासून शॉक जितका झुकेल, तितकी चाकाच्या हालचालीमानाने त्याची हालचाल कमी आणि पकडही कमी. ३० अंश झुकला तर चाकापाशी त्याचा परिणाम सुमारे तीनचतुर्थांश राहतो, ४५ अंशांवर निम्मा. वरची पिन जागा मिळेल तेथे सरकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

कडकपणा किती?

दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो, "कडक देऊ की मऊ?" आमच्या अनुभवाने हा दुसरा प्रश्न आहे. तरी त्याचेही उत्तर पाहू.

भौतिकशास्त्रात क्रांतिक अवमंदन म्हणून एक कल्पना आहे. दाबलेली वस्तू एकदाही न उसळता कमीत कमी वेळात जागेवर यावी, त्यासाठी जेवढा विरोध लागतो तो. हा विरोध स्प्रिंगचा ताठरपणा आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुप्पट असतो. प्रवासी गाड्यांना पूर्ण तेवढा विरोध देत नाहीत, त्याच्या साधारण २० ते ४० टक्के देतात. त्याहून जास्त दिला तर गाडी हाडे मोडणार.

महत्त्वाचे आहे ते वर्गमूळ. आमच्या पुढच्या पाट्यात सात पाने होती, आठ झाली. ताठरपणा धरा १५ टक्के वाढला. लोखंडी बंपर वगैरेंनी वजन ५ टक्के वाढले असे धरू. १.१५ गुणिले १.०५ म्हणजे सुमारे १.२१, आणि त्याचे वर्गमूळ १.१०. म्हणजे शॉक पूर्वीपेक्षा फक्त १० टक्के कडक हवा होता. त्यासाठी ट्रकच्या जातीचा शॉक आणणे म्हणजे आमटीत मीठ कमी म्हणून मूठभर टाकण्यासारखे होते. तात्पर्य, आपल्याच वजनाच्या गाडीसाठी बनलेला आणि मापात बसणारा शॉक घ्यावा. फार तर किंचित कडक.

एक नळी की दोन?

बाजारात मुख्यतः दोन जातींचे शॉक मिळतात. साध्या जातीत नळीत नळी असते. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि थोडी हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. खडबडीत रस्त्यावर फार वेळ चालले की तेल तापते, हवा तेलात मिसळून फेस होतो आणि शॉक ढिला पडतो. नायट्रोजन भरलेल्यात हे बरेच कमी होते. दुसऱ्या जातीत एकच नळी असते आणि तरंगत्या पिस्टनच्या पलीकडे जास्त दाबाचा नायट्रोजन असतो. तो लवकर थंड होतो आणि उलटाही बसवता येतो. दोननळी शॉक मात्र उलटा किंवा जवळजवळ आडवा बसवू नये, नाहीतर आतल्या नळीत हवा शिरते.

मग एकनळीच चांगला, असे कोणी म्हणेल. पण रानातल्या वाटेवर दगड उडतात. एकनळी शॉकला पोचा आला तर पिस्टन तेथेच अडकतो. दोननळी शॉकच्या बाहेरच्या नळीला लहानसा पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते. मामांनी दोननळी, नायट्रोजनचा घेतला. शर्यतीला जाणाऱ्याने दुसरा घ्यावा. ज्याला रोज दूध पोचवायचे आहे, त्याने आपल्या वाटेकडे पाहून ठरवावे.

बसवताना

दोननळी शॉक दुकानात आडवा पडलेला असतो. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चारपाच वेळा पूर्ण ओढावा व दाबावा, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. बुशचे नट हाताने लावून ठेवावेत आणि गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळावेत. चाक लोंबत असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतात आणि लवकर फाटतात. त्यानंतर चाक पुन्हा पूर्ण लोंबवून ब्रेकचा होस पाहावा. तो सैल असला पाहिजे, नसल्यास लांब होस घातल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये. प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट अडत नाहीत ना, टायर शॉकला घासत नाही ना, हेही दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहावे. शंभरेक किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत.

कायद्याबद्दल दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा गाभा असा आहे की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कारखान्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हे कलम ठामपणे उचलून धरले. झिजलेल्या शॉकच्या जागी योग्य शॉक घालणे वेगळे आणि गाडीचा आकार-उंची बदलणे वेगळे. म्हणून गाडी उंच करण्याआधीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. मामांनी हे नंतर केले. आधी करायला हवे होते.

शेवटचा हिशेब

आता माझी वही. ब्रेकचा होस आणि तेल ७०० रुपये. पहिले ब्रॅकेट ८००. जुन्या बाजारचे शॉक ३,२००. दुसरे ब्रॅकेट कापून नवे बसवणे १,५००. जीप उभी राहिली ते पाच दिवस, दुधाच्या भाड्याचे दिवसाला ९०० प्रमाणे ४,५००. बेरीज १०,७००. ज्या दहा हजारांची बचत मी केली, तिच्यापायी १०,७०० गेले. आणि अखेरीस ते दहा हजार द्यावे लागलेच, वर ठोकळ्यांचे ६०० वेगळे.

यात दोन गोष्टी मी वर्गात शिकलो होतो, पण वापरल्या नाहीत. उभ्या जीपचे बुडालेले भाडे मी खर्च म्हणून धरलेच नव्हते. अर्थशास्त्रात त्याला संधी खर्च म्हणतात. आणि ३,२०० चे शॉक वाया जाऊ नयेत म्हणून ब्रॅकेट सरकवून तेच कसेबसे बसवावेत, असे मी मिस्त्रींना सुचवले होते. गेलेले पैसे गेले. पुढचा निर्णय घेताना ते मनात धरू नयेत, हे परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. मिस्त्रींनी कॉमर्स शिकलेले नाही, तरी त्यांनी ते शॉक एका बाजूला ठेवले ते ठेवलेच.

एक रक्कम वहीत लिहिता येत नाही. जीप बांधाला टेकली नसती तर काय झाले असते, ती. उतारावर ब्रेकचा पाय खाली गेला तेव्हा मागे डोळ्यांनी अधू आजी बसल्या होत्या. त्यांना मी बसवले होते आणि शॉक न बदलण्याचा सल्लाही माझाच होता. ज्या खर्चाच्या दुसऱ्या बाजूला माणूस बसलेला असतो, तो खर्च नुसत्या रकमेवरून कापू नये, एवढे मला त्या दिवशी समजले.

आता मामांच्या जीपच्या हत्यारपेटीच्या झाकणावर आतून मी सहा आकडे रंगाने लिहिले आहेत: गाडीचे ४५०, ३६०, ५६० आणि शॉकचे ३५०, ५७५, २२५. पुढे कधी शॉक बदलायचा झाला तर कोणीही, अगदी कॉमर्सचा विद्यार्थीही, चुकू नये म्हणून. ज्या वाचकांच्या घरी जीप, जिप्सी किंवा नवी थार असेल आणि ती उंच करण्याचा बेत चालला असेल, त्यांनी पाटे असोत की कॉइल स्प्रिंग, हे सहा आकडे आपल्या गाडीसाठी आधी काढावेत. दुकानात त्यानंतर जावे.